मिठाच्या गाडीचं दुसरं रीळ

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी, म्हणजे डॉ. वसगडेकरांनी, गेल्या पाडव्याला एका दुपारी बारा अभिजात सिनेमे बघून टाकले. श्रीखंड-पुरी खाल्ली, कपाळाला पट्टा बांधला, दोन ते अडीच झोपले, आणि उठले तेव्हा बाराही बघून झालेले होते. चहा पिता पिता त्यांनी बायकोला कुठल्याशा जपानी विधवेची गोष्ट सांगितली आणि डोळे पुसले. त्या विधवेसाठी त्यांनी आयुष्यातली पाच मिनिटंही दिली नव्हती, पण डोळे खरोखर ओले होते.

हा पट्टा विकणाऱ्या कंपनीनं या प्रकाराला मोठं संस्कृत नाव दिलं आहे. लोक त्याला डुलकी म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीत हल्ली विचारतात, अभिजात काय काय पाहिलंय? स्थळ बघायला आलेले लोक विचारतात. वाढदिवसाला पोरं एकमेकांना दहा सिनेमांची डुलकी देतात. बघायला कुणाला वेळ नाही, पण न बघितल्याची लाज सगळ्यांना आहे, आणि जिथे लाज असते तिथे धंदा असतोच.

मी त्रिशला मगदूम. वय एकाहत्तर, मुक्काम विश्रामबाग, सांगली. मराठी डुलकीतून तुम्ही जे जे म्हणून पाहिलं असेल, त्यातलं बरंचसं माझं पाहिलेलं आहे. तुम्ही काही बघितलेलं नाही. बघितलं मी, तुम्हाला ते नुसतं आठवतं. हे सांगायचं नाही अशा कागदावर माझी सही घेतलेली आहे. पण जो कागद घेणाऱ्यांनीही धड वाचला नव्हता, त्याची भीड मी कशाला बाळगू?

आता हे कसं झालं ते सांगते.

माझे यजमान प्रा. श्रेणिक मगदूम. कॉलेजात बँकिंग शिकवत. सत्त्याऐंशी साली त्यांनी आणखी चार शहाणे गोळा करून ‘अनिमिष चित्रपट मंडळ’ काढलं. अनिमिष म्हणजे पापणी न लवणारा. या पाचांतले दोघे पहिल्या रिळालाच घोरायला लागत, ती गोष्ट वेगळी. खेळ आमच्याच हॉलमध्ये, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेचारला. ही वेळ आमच्या घराच्या रिवाजानं ठरली होती. आम्ही जैन, सूर्यास्ताच्या आत जेवण उरकणारे. सिनेमा साडेसातला सुटणार, मग सरांनी जेवायचं कधी? म्हणून मध्यंतर सहाच्या आत, आणि मध्यंतरात नुसता चहा नाही, पानं मांडून जेवण. सर एकटे कसे जेवणार? म्हणून सगळ्यांनाच.

पंचवीस-तीस माणसांचं जेवण पावणेसहाला तयार हवं म्हणजे बाईनं साडेचारला कुठे असायला हवं, ते तुम्हीच सांगा. अर्धा सिनेमा मी पोळ्या लाटल्या आणि उरलेला अर्धा ताटं घासली. अशी सदतीस वर्षं गेली. पुढे मंडळ एका कॉलेजच्या सभागृहात गेलं, तोवर माझे गुडघे गेले होते. मी एकही सिनेमा पाहिला नाही. ऐकले मात्र सगळे. भिंतीपलीकडून, न कळणाऱ्या भाषेतले. माणसं ओरडायची, दारं आपटायची, मध्येच व्हायोलिन वाजायचं, की मी समजायची, आता कुणीतरी कुणाला तरी सोडून चाललं. पाहुण्यांसमोर सर मोठ्या कौतुकानं सांगत, “आमच्या घरात सिनेमाचा गंध नसलेलं एकच माणूस आहे.” पाहुणे हसत आणि आणखी एक पोळी मागून घेत.

दोन वर्षांपूर्वी डॉ. समीना बारगीर आमच्याकडे आली. मिरजेची मुलगी, मेंदूचं शिकलेली, कंपनीच्या मिरजेतल्या प्रयोगशाळेची प्रमुख. मराठी माणसांसाठी शंभर अभिजात सिनेमांची यादी करायची होती आणि सल्लागार म्हणून तिला मगदूम सर हवे होते. सर खुश. यादी त्यांनी सकाळच्या चहाच्या आत करून दिली, कारण ती त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षं तयारच होती. मग समीना म्हणाली, “सर, आता खरी अडचण सांगते. आम्हाला बघणारा माणूस मिळेना.”

“मी आहे की!” सर म्हणाले.

“तुम्ही चालत नाही, सर. तुम्ही बघितलेत.”

तिनं समजावून सांगितलं ते मला सरांच्या आधी कळलं. सिनेमा बघताना मेंदू पुढे काय होणार याचा सारखा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की तो दचकतो, आणि जिथे दचकतो तिथे आठवण घट्ट बसते. दुसऱ्यांदा बघताना तो दचकत नाही, म्हणून ती आठवण फिकी उतरते. पहिल्या वेळचं बघणं एकदाच होतं, ते पुन्हा आणता येत नाही. मेंदूत आत खोलवर, कानाच्या अंगाला, करंगळीएवढा एक भाग असतो. दिवसभरातलं तो कच्चं टिपून ठेवतो आणि आपण झोपलो की भराभर उजळणी करून पक्कं करतो. तीन तासांचा सिनेमा झोपेत दोन मिनिटांत उजळून निघतो. बघणाऱ्याच्या डोक्यावर टोपी घालून ही उजळणी उतरवून घ्यायची. मग गिऱ्हाईक झोपलं की पट्ट्यातून बारीक ध्वनिलहरींच्या टिचक्या मारून त्याच्या मेंदूला तीच उजळणी करायला लावायची. मेंदू बिचारा भोळा. आपण उजळणी करतोय म्हणजे आपण पाहिलंच असणार, असं तो धरून चालतो.

“मग परदेशातली माणसं बघतातच की. त्यांच्याकडून घ्या,” सर म्हणाले.

“घेतलं होतं. एका स्पॅनिश बाईचं बघणं दिलं तर सोलापूरच्या एका वकिलांना आठ दिवस ऑलिव्हच्या तेलाची आठवण येत होती. त्यांनी ते जन्मात चाखलं नव्हतं. बघणारा आपल्यातलाच लागतो, सर. आपलं खाल्लेला, आपल्या बोलीत विचार करणारा. तरण्या पोरांनी फोनवर सगळ्याचे तुकडे बघितलेत, ती बाद. साठीच्या पुढचा, तीन तास जागचा न हलणारा, हुशार, आणि काही म्हणजे काही न बघितलेला माणूस पाहिजे. कुठनं आणू?”

सर मोठ्यानं हसले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. गंमत म्हणून केलं. समीना हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काकू, उद्या मिरजेला येता?”

तिथे माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि शंभर सिनेमांतली चित्रं भराभर दाखवली. ओळखीचं चित्र दिसलं की पाव सेकंदाच्या आसपास मेंदूत एक लाट उठते. ती दाबता येत नाही, तोंडानं काही सांगा. माझ्या मेंदूत शंभर चित्रांना एकही लाट उठली नाही. समीनानं पडद्यावरची सरळ रेघ बघितली आणि मला मिठीच मारली. पन्नास वर्षं ज्याच्यावरून मला हसले, ते आमच्या घरातलं एकमेव दुर्मीळ धन निघालं.

मग मी बघायला लागले. आठवड्याला एक. गाडी घ्यायला यायची, मिरजेत एका गार खोलीत आरामखुर्ची, समोर भिंतभर पडदा, पायाखाली पाट. मी एकटी. मध्यंतर नाही. कुणाला काही वाढायचं नाही. पहिल्या सिनेमाला मी रडले, ते सिनेमासाठी नव्हे. सुरुवातीपासून बघायला मिळाला म्हणून रडले. समीनाला तो भाग कापावा लागला.

एकसष्ट सिनेमे बघितले मी. आता खरं सांगते, अभिजात म्हणतात त्यातले वीसेक नुसते लांब आहेत. पाऊण तास एक माणूस खिडकीपाशी उभा राहतो आणि यांचे लोक त्यावर पुस्तकं लिहितात. त्याला बहुतेक भूक लागली असावी. पण उरलेले! ते बघून मी दोन-दोन दिवस घरात नुसती फिरायची. आपल्याला इतकं काही वाटू शकतं हे मला सत्तरीत कळलं, आणि इतकी वर्षं ते पलीकडच्या खोलीतच होतं.

बाहेर माझं बघणं वाटलं जाऊ लागलं. देण्याआधी त्याची सफाई व्हायची. बघणाऱ्याच्या घरची माणसं, नावं, चेहरे पुसून टाकायचे. भावना तेवढ्या पुसता येत नाहीत, कारण त्या पुसल्या तर मागे काही उरतच नाही. विचारही बरेच तसेच राहतात. ते मला कळलं मंडळाच्या बैठकीत. मंडळाच्या सगळ्या जुन्या सभासदांनी गुपचूप डुलक्या घेतल्या होत्या. ज्यांनी पन्नास वर्षं बघितल्याचं सांगितलं होतं, त्यांनीच सगळ्यांच्या आधी. आमच्या हॉलमध्ये बसून डॉ. वसगडेकर सरांना म्हणाले, “त्या सिनेमातली आई पीठ मळते ना, त्यात पाणी जास्त झालंय बघा. आणि ती ते लपवते. तिथंच कळतं, तिचा नवरा परत येत नाही ते.”

“वा! काय सूक्ष्म निरीक्षण आहे, डॉक्टर!” सर म्हणाले. “ही खरी रसिकाची नजर.”

डॉक्टरांनी जन्मात कणकेला हात लावला नव्हता. मी चहाचे कप ठेवले आणि आत आले. तोंड दाबून हसले. अशी मजा मी वर्षभर केली. सर माझ्या मनातलं पाच-सहा टकलांच्या तोंडून ऐकायचे आणि दाद द्यायचे. स्वतः मात्र त्यांनी कधी डुलकी घेतली नाही. “मी बघणारा माणूस आहे,” असं ते म्हणत.

बासष्टावा सिनेमा आला ‘मिठाची गाडी’.

हा सिनेमा म्हणजे मगदूम सरांचं अख्खं नाव. ज्या देशात तो निघाला त्याचं नाव तेव्हा आम्हाला नीट घेता यायचं नाही आणि आता तो देशच राहिला नाही. अठ्ठ्याऐंशी साली एकुलती एक प्रत दिल्लीहून पुण्याला आणि पुण्याहून एस.टी.च्या पार्सलनं सांगलीला आली. पत्र्याच्या चार डब्यांत चार रिळं. आमच्या हॉलमध्ये खेळ झाला, प्रत परत गेली, आणि पुढे कुठल्याशा गोदामाच्या आगीत जळाली. गोष्ट एका मीठ विकणाऱ्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या मुलीची. आमच्या लोकांनी पाहिलं ते असं की मध्यंतरापूर्वी म्हातारा मरतो, आणि मध्यंतरानंतर तोच म्हातारा मुलीसमोर बसून शांतपणे सूप पितो. पाचही शहाणे हादरले. सरांनी त्यावर चौसष्ट पानांचं पुस्तक लिहिलं, ‘मृताचे भोजन’. दिग्दर्शकानं काळ कसा मोडला, मेलेला बाप जेवायला परत येतो म्हणजे काय, त्याचा खोकला मरणानंतरही कसा चालू राहतो, यावर एक-एक प्रकरण. दुसरा कुणी सिनेमा पाहिलेला नाही, म्हणून पुस्तकाला विरोध नाही. विद्यापीठात लागलं. सर त्यावर पन्नास गावांत बोलले. आणि गेल्या वर्षी त्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह कुठल्याशा तळघरात सापडली.

आदल्या संध्याकाळी जेवताना सर म्हणाले, “उद्या तुझी मिठाची गाडी ना? त्यात जरा घोळ झालाय. सापडलेल्या प्रतीत मधली दोन रिळं मागंपुढं झालीयत. मी पुण्याला कंपनीच्या मालकांना कळवलंय. ते आपल्या क्रमानं लावायला तयार आहेत.”

“आपल्या म्हणजे कुठल्या?”

“म्हणजे अस्सल. आपण दाखवला होता तसा.”

“आणि तुम्ही बघितला नवीन?”

“सल्लागार म्हणून बघावाच लागला.” ते ताटाकडे बघत होते.

भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. मला तो रविवार आठवला. मी पोळ्या लाटत होते तेव्हा भिंतीपलीकडे बायका हेल काढून रडल्या आणि घंटा वाजली. कुणीतरी मेलं हे कळायला भाषा लागत नाही. मग सगळे जेवले, आणि मी ताटं घासायला बसले तर तोच माणूस पलीकडे खोकत होता. तोच, घशात खडे खुळखुळावेत तसा खोकला. भांडी आवरल्यावर मी सरांना विचारलं होतं, “अहो, तो खोकणारा मघाशी मेला ना?” सर माझ्याकडे बघतच राहिले होते. मग म्हणाले होते, “ते कलेत असतं, तुला नाही कळायचं.” आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले होते.

“अहो,” मी म्हटलं, “तो माणूस आधी खोकला असेल आणि मग मेला असेल. माणसं तशीच मरतात. डब्यांत रिळं उलटी पडली होती. तुम्ही पाच जणांनी दोन नंबरच्या आधी तीन नंबर लावलं, एवढंच झालं.”

सरांनी वाटीतली आमटी ढवळायला घेतली. म्हणजे त्यांना माहीत होतं. नवीन प्रत बघून त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांनी पुण्याला फोन केला होता.

“मालक कसे तयार झाले?” मी विचारलं.

“पुस्तक वाचलेले लोकच हा सिनेमा मागतात. परीक्षेला प्रश्न त्या भोजनावरच असतो. लोकांना ते भोजन मिळालं नाही तर तक्रारी येतील.” मग आवाज उतरला. “पुढच्या महिन्यात मंडळाची पन्नास वर्षं होतायत, त्रिशला. लाखभर लोक उद्याचं तुझं बघणं घेणार. त्यांना जसं आठवेल तसाच तो सिनेमा यापुढं राहील. माझं एकच पुस्तक आहे गं. तुला काय फरक पडतो? तुला दोन्ही नवीनच.”

मला राग आला नाही. किळस आली. सदतीस वर्षं या माणसाच्या जेवणाच्या वेळेसाठी मी माझं बघणं सोडलं होतं, आणि आता जे एकदाच मिळणार होतं तेही त्याला उलटं करून हवं होतं. मी ताट उचललं आणि उठले.

सकाळी मिरजेत समीनाचं तोंड उतरलेलं होतं. “काकू, मला फोन आला वो. दोन आणि तीन उलटं लावायचं म्हणून. मी सांगून बघितलं, ऐकंनात.”

“सरळ लाव.”

“नोकरी जाईल की माझी.”

“कोण तपासणार आहे? मालक? त्यांनी आयुष्यात एक सिनेमा बसून बघितलाय का? तुझ्या अख्ख्या कंपनीत सिनेमा बघणारी मी एकटी आहे, समीना. सफाईला तू, बघायला मी.”

तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं. मग तिनं रिळं सरळ लावली. पोरीत दम आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते. अंधार झाला.

‘मिठाची गाडी’ हा बापाचा सिनेमाच नव्हे. तो मुलीचा आहे. पहिल्या रिळात ती गाडीमागून चालते. दुसऱ्यात बाप आणि ती सूप पितात, बाप खोकतो, आणि घोड्यांच्या सवयी एकेक करून सांगायला लागतो. हा पुलापाशी थांबतो, त्याला मारायचं नाही, नुसतं बोलायचं. तो आपल्याला हे आज का सांगतोय ते तिला कळतं, आणि कळलं नाही असं दाखवून ती जेवत राहते. तिसऱ्यात तो मरतो. चौथ्यात गाडी ती हाकते. इतकं साधं. बाप आपलं काम मुलीच्या हातात देतो, आणि या पाच शहाण्यांनी त्यात भूत बघितलं. मुलगी त्यांना दिसलीच नाही. ‘मृताचे भोजन’च्या चौसष्ट पानांत त्या मुलीवर अडीच ओळी आहेत, मी मोजल्या आहेत.

सूप आलं आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत मनात म्हणाले, बघा सर, जिवंत आहे. तो खोकला, मी म्हटलं, हा घ्या तुमचा मरणानंतरचा खोकला. घंटा वाजली, मी म्हटलं, पाच जण होतात, एकालाही दोन आणि तीन मोजता आले नाहीत? सिनेमा संपेपर्यंत मी सरांना, वसगडेकरांना, त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांना एकेक करून उभं केलं आणि एकेकाची हजेरी घेतली. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं. मग टोपी घालून झोपले, आणि समीनानं उजळणी उतरवून घेतली.

महिन्यानं मंडळाचा सुवर्णमहोत्सव झाला. सकाळी अकरा वाजता, तीनशे माणसं, स्टेजवर फुलं. कंपनीनं आदल्या दिवशी सगळ्या निमंत्रितांना ‘मिठाच्या गाडी’ची डुलकी फुकट दिली होती. सर नवा कोट घालून बोलायला उभे राहिले. त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

“तुम्ही सर्वांनी आता ते दृश्य अनुभवलं आहे,” सर म्हणाले. “मेलेला बाप परत येतो आणि आपल्या लेकीच्या समोर जेवायला बसतो.”

सभागृहात चुळबुळ झाली. मी वळून बघितलं.

सफाईत सरांचं नाव पुसलं होतं. चेहरा पुसला होता. मला जे वाटत होतं ते पुसलेलं नव्हतं. या तीनशे लोकांना तो सिनेमा आठवत होता आणि त्यासोबत कुणाबद्दल तरी वाटलेली तुच्छताही आठवत होती. कुणाबद्दल ते त्यांना काल कळलं नसेल. आज सर बोलायला लागले आणि त्या तुच्छतेला पत्ता मिळाला. तीनशे तोंडांवर डाव्या बाजूचा ओठ किंचित वर गेला होता. तो ओठ मी रोज आरशात बघते.

डॉ. वसगडेकर उठले. पन्नास वर्षांचा मित्र. “सर, सूप पितो तेव्हा तो जिवंत असतो,” ते म्हणाले, आणि ज्या स्वरात म्हणाले तो स्वर माझा होता. कुणीतरी हसलं. मागून कॉलेजची एक मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही हा सिनेमा बघितलाय का हो?” मग सगळेच हसले.

सरांनी कागद खाली-वर केले. “अठ्ठ्याऐंशी साली,” एवढं म्हणाले आणि थांबले. पहिलं मिनिटभर मला मजा आली, हे मी लपवत नाही. पण मग हसू थांबेना. ते लोक सरांवर चिडलेले नव्हते, त्यांना सरांबद्दल काहीच माहीत नव्हतं. पन्नास वर्षं एका घरात राहून जी तुच्छता मी कमावली होती, ती त्यांना अर्ध्या तासाच्या झोपेत फुकट मिळाली होती, आणि ते ती उधळत होते. मला त्यांचा संताप आला. मी उठले, स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेले आणि सरांना हाताला धरून खाली आणलं.

मी त्यांना रिक्षात बसवलं. पुष्पराज चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, “सरळ लावून घेतलास.”

“हो.”

“बरं केलंस.” कोटाचं फूल त्यांनी काढून मांडीवर ठेवलं. “मी तो नवीन बघितला ना, तो नुसता रिळं तपासायला बघितला. पुढं काय होतंय यापेक्षा माझं काय होतंय, तेच डोक्यात. सिनेमा बघितलाच नाही मी.” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, मास्तरकीचा लवलेशही न ठेवता त्यांनी विचारलं, “कसा आहे गं? शेवटी ती मुलगी एकटी गाडी घेऊन निघते, तेव्हा रडते का?”

मी आठवायला गेले. घोडा आठवला. पूल आठवला. त्या पुलाच्या वेळी मी मनात वसगडेकरांना काय बोलले ते शब्दन् शब्द आठवलं. मुलीचा चेहरा काही केल्या येईना. तिथे मेंदू दचकला असता तर आठवण बसली असती, पण तेव्हा मी तिच्याकडे बघतच नव्हते. सिग्नल सुटला. सर माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मी तीन तास समोर बसून तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला होता, माझ्यासारखाच तो आता लाखभर लोकांना आठवत होता, आणि ती मुलगी रडते की नाही हे मला माहीत नव्हतं.